देसाईकाकांचा चौथरा

वाळवंटात पूर येत नाही असं सांगून मला तळमजल्याचा फ्लॅट देणाऱ्या एजंटला मी अजून शोधतोय. एका वादळी पावसानंतर इथं आखातात, अल नहदा वस्तीतल्या आमच्या गल्लीत तीन दिवस कमरेएवढं पाणी होतं. वरच्या देसाईकाकूंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या आणि फार्मसी रस्त्यापलीकडे. काकांनी गणपतीच्या मखराचा थर्माकोलचा चौथरा खाली आणून पाण्यावर सोडला. तो फेकून द्या म्हणून काकू सहा वर्षं मागे लागल्या होत्या. काका त्यावर मांडी घालून बसले. वॉचमनने "यल्ला, अंकल, चला!" म्हणत ढकललं. बाल्कन्यांतून पोरं ओरडली, "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!"

काकू वरून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कशाला, दहा मिनिटांत या. आणि चौथऱ्याचं विसर्जन करून येऊ नका, लागतो आपल्याला."