खिडकीबाहेर काय होतं

आई : अगं, खिडकीबाहेर अख्खी बाग? कारंज्यासकट?

लेक : खरी बाग! कलादिग्दर्शक आठवडाभर खपलाय. तुमच्या नाटकात नुसती लाकडी चौकट, तोंड प्रेक्षकांकडे. तू बावीस वर्षं नायिका म्हणून तिच्यातून बघत राहिलीस आणि बाहेर काय आहे ते कुणालाच दिसलं नाही. आता माझ्या सिनेमात दिसणार!

आई : दिसेल गं. पण ती नवऱ्याची वाट बघतेय ना? कारंज्याकडे बघताना नळ बंद करायचा राहिलाय असं वाटेल.

लेक : मग तूच सांग, तुला काय दिसायचं? लवकर सांग. चारपर्यंत ऊन आहे, आणि उद्या हा स्टुडिओ दुसऱ्यांचा.

आई : काय दिसणार? अंधार. आणि प्रेक्षकांच्या मागच्या दारावरचा लाल दिवा.

लेक : चेष्टा नको ना! आणि तुझा तो हात! तळवा समोर, मग बोटं मिटत मिटत मागे. तुझ्यानंतर चौघींनी ती भूमिका केली, चौघींनी तो हात जसाच्या तसा उचलला. नाट्यशिबिरात शिकवतात तो. मी तर त्याचा क्लोजअप ठेवलाय.

आई : तो हात नाटकात नव्हता.

लेक : म्हणजे?

आई : संहितेत एवढंच होतं, 'ती बघत राहते.' तू आठ महिन्यांची. दारावरचे काका तुला कडेवर घेऊन त्या लाल दिव्याखाली उभे. नेमकं तिथेच तू भोकाड पसरलंस. मी खूण केली, न्या हिला बाहेर.

लेक : आई!

आई : टाळ्या पडल्या. लेखक म्हणाले, राहू दे. मग राहिला.

लेक : म्हणजे इतकी वर्षं त्या चौघी मला थिएटरबाहेर काढतायत?

आई : आणि काय सुरेख काढतात!

लेक : हसू नकोस, माझा अख्खा शॉट त्या हातावर... थांब. थांब थांब थांब! तुझ्यासमोर मी होते. बाग कुठे होती? कॅमेरा बाहेर! काचेच्या बाहेरून आत!

कॅमेरामन : मॅडम, मग कारंजं कॅमेऱ्याच्या पाठीमागे जाईल.

लेक : जाऊ दे.

कॅमेरामन : कलादिग्दर्शक मला त्यातच बुडवील.

लेक : पोहता येतं ना? उचला!

आई : अगं, पण मूळ नाटकाशी इमान राखणार म्हणालीस...

लेक : प्रेक्षक बसायचे तिथेच तर कॅमेरा ठेवतेय. आणखी किती राखू?

कॅमेरामन : आतून नायिकेचं काम करणाऱ्या बाई विचारतायत, नजर कुठे ठेवू? इथे भिंगाशेजारी कुणी उभं राहिलं तर बरं.

लेक : आई, जा.

आई : मी? माझी जागा आतली गं.

लेक : आज बाहेर. जा ना, ऊन चाललंय!

कॅमेरामन : या मावशी. वायर सांभाळून. जरा डावीकडे... बस, बस.

लेक : चला!

(काचेपलीकडची नटी तळवा उचलून काचेला टेकवते. बोटं मिटत जातात.)

लेक : कट! कट! काय झालंय बघा हे!

कॅमेरामन : काचेवर हाताचा ठसा उमटलाय, पुसू?

लेक : खबरदार! आई, कसं वाटलं?

आई : इथून असं दिसायचं होय.