बाहेरूनच सांगा, आशाताई

माझं माहेर पोशेऱ्याचं, मोखाडा तालुक्यात, डोंगरावर, आणि सासर इथं जामसरला. घरी आम्ही वारली बोलतो, मराठी मी आश्रमशाळेत शिकले, दहावीला बसायच्या आधी लग्न झालं आणि इकडे आले. नवरा भात कापून झालं की ठाण्याला बांधकामावर जातो, पाऊस पडायच्या आधी परत येतो, इथल्या निम्म्या घरांचं तसंच आहे. मला लिहिता-वाचता येत होतं म्हणून गावाने मला आशा केलं, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आशा म्हणजे काय, तर गावात कोण बाई पोटुशी आहे ते आधी मला कळलं पाहिजे, तिला गोळ्या द्यायच्या, तपासायला न्यायचं, दिवस भरले की जीप बोलवायची, बाळ झालं की घरी जाऊन त्याचं वजन करायचं. आणि एक काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, ते म्हणजे माणसाला भगताच्या दारातून उठवून दवाखान्यात न्यायचं.

आता भगत म्हणजे कोण परका नाही, माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ, आमच्यापासून तिसरं घर. मी काका म्हणते. वाटेत दिसले की म्हणायचे, आली बघा डाक्टरीण, आज कोणाला पळवतेस माझ्या घरातून. मी म्हणायचे, काका, तुम्हालाच नेते एक दिवस. तर म्हणायचे, मला नको नेऊ, गुडघा दुखतो त्याची गोळी तेवढी देऊन जा. आणि मी द्यायचे, ते खायचे. असं आमचं चालायचं, भांडण होतं पण वैर नव्हतं.

तर मागच्या पौषातली गोष्ट. दोन दिवस डाव्या कानाच्या मागे ठणकत होतं, मी म्हटलं जीपमध्ये कडेला बसले होते, गार वारा लागला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी समोर जायच्या ऐवजी डाव्या बाजूने गळून छातीवर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तसंच. चहा घेतला तर तोही सांडला. सासू चुलीजवळ होत्या, त्या बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, तुझा तोंड वाकडा झाला गो. आरशात पाहिलं. काय सांगू तुम्हाला, अर्धं तोंड माझं होतं, अर्धं खाली उतरलेलं. उजवा डोळा मिटला तर डावा उघडाच.

मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की एक मिनिट न थांबता दवाखाना. मी सोता हात वर करून पाहिले, दोन्ही वर जात होते. पाय चालत होते. बोलताना ओठ मिटत नव्हते, प म्हणायला गेलं की वारा निसटायचा. जव्हारला, दवाखान्याकडे जाणारी जीप अजून गेली नव्हती. मला सगळं माहीत होतं. दुसऱ्या कोणाचं तोंड असतं तर मी तिला हाताला धरून जीपमध्ये कोंबली असती. पण ते माझं तोंड होतं, आणि मी घाबरले, सासू रडत होत्या, चल आधी काकाला दाखव, तिसरं तर घर आहे, आणि मी पदर तोंडावर घेतला आणि गेले.

काका हसले नाहीत. ते हसले असते तर मी चिडून परत फिरले असते. त्यांनी मला बसवलं, सुपात तांदूळ घेतले, दोन-दोन दाणे बाजूला केले, पुन्हा मोजले आणि हळू म्हणाले, सूनबाय, ती जीपमधली बाई आहे. तिचा वारा आहे.

हे तुम्हाला सांगावं लागेल. तीन वर्षांपूर्वी एक बाई माझ्या मांडीवर गेली, बाळंतपणात, रक्त थांबेना, जव्हार यायच्या आधी. तिच्या घरचे नको म्हणत होते, जीप मी बोलवली होती. मला पुष्कळ जणींनी सांगितलं तुझी चूक नाही, घरी राहिली असती तरी वाचली नसती, आणि मी मान हलवायचे, पण जीपमध्ये बसले की मांडी जड व्हायची. हे मी कोणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही. आणि काकांनी दाणे मोजून तेच काढलं. आता कळतं, गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण त्या वेळी मला वाटलं, खरंच तिनेच मारलं मला.

पाच दिवस उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. पाल्याचा लेप, विटेचा शेक, सकाळ-संध्याकाळ धूप. डोळा मिटत नव्हता आणि धूर सगळा त्या उघड्या डोळ्यात. मी बसून राहिले. पाच दिवस, मी, आशा. सहाव्या दिवशी डोळा लाल झाला, उजेड सोसेना. त्या दिवशी लसीकरणाला मी गेले नाही म्हणून नर्सबाई घरी आल्या. त्यांनी माझा पदर बाजूला केला, लेप बघितला. म्हणाल्या, यमुना, तू पण? बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

जव्हारच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, डाव्या बाजूला एकही पडली नाही. म्हणाले, हा डोक्याचा लकवा नाही, तोंडाची शीर सुजलीय, अशी कोणालाही सुजते, ह्यात कोणाचा वारा नाही आणि तुमचं पाप नाही. पण गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या की जास्त गुण येतो, तुम्ही उशीर केलात. काय करता तुम्ही? मी म्हटलं, शेती. आशा आहे असं सांगायला जीभ रेटली नाही. नर्सबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनीही सांगितलं नाही.

गोळ्या घेतल्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवायची, आरशासमोर फुगा फुगवायचा. दोनदा नाशिकला जाऊन गालाला करंट घेतला. डोळा वाचला. तोंड अर्धं परत आलं, अर्धं राहिलं. आता हसले की डावा डोळा आपोआप बारीक होतो. जेवायला बसले की त्याच डोळ्यातून पाणी येतं, चावलं की पाणी, थांबलं की थांबतं. सासू म्हणतात, रडत नको जेवूस. मी रडत नसते. नवरा सुट्टीवर आला, मला पाहिलं, आणि परत गेल्यावर म्हणाला, फोनवर तू आधीसारखीच वाटतेस.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आमच्याकडे म्हणतात की पोटुशी बाईने वाकडं तोंड बघितलं तर पोर तसंच होतं. आणि माझं काम सगळं पोटुशींच्या घरात. मी अंगणात आले की आतून त्या पोटुशीची सासू बाहेर यायची, हात जोडून, अगदी मानाने, म्हणायची, बाहेरूनच सांगा, आशाताई. मी पदर ओढून बाहेरूनच सांगायचे. आधी ज्या बाया माझ्या हाताला धरून जायच्या त्यांचा मला नुसता आवाज ऐकू यायचा.

त्यात वनिता नावाची एक सून होती, पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला, तिच्या पायाला सूज. मागच्या तपासणीला तिचा बीपी वाढलेला होता आणि नंतर तिची सासू, आम्ही सोनीआजी म्हणतो, तिला घराबाहेर सोडेना. भादव्यातलं सांगते, भात पोटरीला आलं होतं, लोंबी बाहेर पडायची होती. मी गेले तर आजी दारात. मी पुढे गेले नाही, मागच्या बाजूने फिरून कुडाला तोंड लावलं. आमच्या भिंती कारवीच्या, वर शेणमाती, बोललं की आत ऐकू जातं. मी म्हटलं, वनिता, मी यमुनाताई, माझं तोंड दिसत नाही तुला, घाबरू नको. डोकं दुखतं का? आतून आवाज आला, दुखतं. डोळ्यापुढे अंधारी येते का? म्हणाली, चमकतं काहीतरी. कधीपासून? दोन दिवस.

बीपीने झटका यायच्या आधीची ही लक्षणं. मी जीपवाल्याला फोन लावला आणि दारात आले. म्हटलं, आजी, हिला आत्ता न्यायचं. आजी म्हणाली, काकाने दोरा बांधलाय, उद्या बघू. मी म्हटलं उद्या नाही. तर ती सगळ्या शेजाऱ्यांदेखत म्हणाली, तू सोता भगताकडं गेलीस ना गो? आणि माझ्या सुनेला दवाखाना दाखवतेस?

 तोंड वाकडं झाल्यापासून मी हेच ऐकायला घाबरत होते. मी पदर काढला. उन्हात उभी राहिले, आणि म्हटलं, हो, गेले, पाच दिवस बसले काकाचा लेप लावून. हे बघ. नीट बघ. डोळा मिटून दाखवला, तो अर्धाच मिटला. गाल फुगवून दाखवला, वारा निसटला. म्हटलं, डॉक्टर बोलला तीन दिवसांत यायला पाहिजे होतं. मी नाही गेले, माझं तोंड गेलं. हिचं तोंड नाही जायचं आजी, ही जाईल, पोर जाईल. दोन दिवस झालेत, तिसऱ्याची वाट नको बघू.

 आजी आत गेली, आणि वनिताला डोक्यापासून चादरीत गुंडाळून बाहेर आणली. मला म्हणाली, तू पुढे बस, मागे वळून बघायचं नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसले आणि जव्हार येईपर्यंत मान वळवली नाही. समोर रस्त्याकडे बघत विचारत होते, वनिता, जागी आहेस ना, आणि ती मागून म्हणायची, आहे.

तिथून तिला पुढे नाशिकला पाठवलं. पोरगी झाली, बारीक, काचेच्या पेटीत ठेवली. वनिताही वाचली. गावात आता मला कोणी विचारत नाही, तू भगताकडं का गेलीस. काकासुद्धा परवा म्हणाले, वनिताची पोर बरी आहे ना.

मी वजन करायला जाते तेव्हा सोनीआजी पोरीला झोळीत घालून बाहेर आणते, काट्याला लावते, आणि तिच्या तोंडावर कापड टाकते. अजून नको बघूस, म्हणते, कोवळी आहे. तीन महिन्यांची झाली. तिचे पाय मला माहीत आहेत, हाताची बोटं माहीत आहेत, रडणं तर लांबून ओळखते. तोंड मी अजून पाहिलेलं नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण अंग भरतंय तिचं, दूध ओढते, मी तेवढं वहीत लिहिते आणि येते. जगू दे, शंभर वर्षं जगू दे. मोठी होईल, मग माझ्याकडे बघायचं की नाही ते तिचं ती ठरवील.