मधलं पान

छातीच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या वडिलांना आत तपासत होते. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान कुठे नेऊन ठेवणार?

“दादा, मघाशी डॉक्टर तुला काय म्हणाले ते खरं सांग.”

“महिनाभर. फार तर.”

“वर्षभर मी फसवलं रे त्यांना. चिरूट माझ्याच हातचे ना? तंबाखूचं एक पान नीट जळायला, एक वासाला आणि मधोमध ते कडक पान. ते मी घालतच नव्हते. त्याच्या जागी हलकंच कोंबायचे. म्हटलं, तेवढाच छातीला आराम.”

“बाबांना माहीत होतं.”

“काहीतरीच!”

“अगं, चाळीस वर्षं पानं मिसळलेला माणूस तो. पहिल्याच झुरक्याला ओळखलं. मला म्हणाले, तिला बोलू नकोस. तिला वाटतंय, मी त्यानेच जगतोय.”

“आणि रोज म्हणायचे, ‘आज झकास जमलाय’!”

“हं.”

“मग आज घरी गेल्यावर खरा वळते. कडक पान घालून. आता कशाला मन मारायला लावायचं त्यांना?”

“नको गं. कडक पान लागलं की त्यांना कळेल, तू आशा सोडलीस.”

शिंपीणबाईंनी फाइलची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून म्हातारबा बाहेर आले.

“तोंड का उतरलंय गं? चल, घरी जाऊ. एक चिरूट वळून दे मला. नेहमीसारखाच.”