वखारीतला सडा

माझ्या पीएचडीत इंजिनिअरिंग किती आणि सरकारी धोरण किती, असं विचारता ना, मग ऐका. निपाणीच्या तंबाखू वखारींतली धूळ यंत्रानं मोजायची आणि त्यावरून कामगारांसाठी नियम सुचवायचे, यासाठी मला फेलोशिप मिळते. पहिल्याच दिवशी आकडा टिळकवाडीतल्या आमच्या अंगणापेक्षा कमी आला. एवढ्याशा धुळीवर कुठलं सरकार नियम करणार? तंबाखू चाळणाऱ्या शांताक्कांना विचारलं, "आक्का, आज धूळ कशी न्हाय?"

"तू येणार म्हणून सकाळीच सडा मारून घेतला की गं. पाहुण्यासमोर बरं दिसत न्हाय."

"मग रोज का मारत न्हाय?"

सवयीनं नाकावर पदर ओढत त्या म्हणाल्या, "रोज कोण येतंय गं?"