भिंतीतली जिवाणी

गिलावा कर, पण ओल कुठनं येतीय ते आधी बघ रं. लढाईच्या दिवसांत आमच्या बोरगावच्या घरात काय झालतं, ऐक.

स्वयंपाकघराची जाड विटांची भिंत भर उन्हाळ्यातबी ओली. मागं पायऱ्यांची विहीर, पण तीबी तळाला गेलेली. मग ओल येती कुठनं? चुन्याचा गिलावा केला की फुगून पडायचा, आणि माझे वडील, आप्पा, गवंड्यावर लई चिडायचे.

शेवटी गवंड्यानं बाहेरनं एक वीट काढली आणि भोकात डोकावला. तेवढ्यात पाण्याची धार त्याच्या तोंडावर!

"आप्पा, भिंतीत झरा लागला!"

आतनं आप्पा ओरडले, "झरा कसला? मी जिवाणी सोडतोय!"

आम्ही जैन. पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव पाण्यासकट त्याच विहिरीत परत सोडायचे, ती जिवाणी. गुडघे दुखायला लागल्यापासनं आप्पा पायऱ्या उतरत न्हवते. त्या भिंतीतल्या कोनाड्यातनं विहिरीपर्यंत मातीची नळी घातलीती, तिच्यात रोज ओतायचे. नळी भिंतीतच फुटलीती.

आप्पा बाहेर आले. फुटकी नळी बघून त्यांचं तोंडच उतरलं. "म्हणजे सगळे जीव भिंतीत? भिजलेल्या विटा काढ आणि एकेक विहिरीत बुडवून आण."

"व्हय आप्पा," म्हणत गवंडी डोक्याच्या पटक्यानं तोंड पुसायला लागला. आप्पांनी त्याचा हात धरला.

"पुसू नको रं! आधी तोंडबी बुडवून ये."