कठड्यावरचे कपडे

हॅलो?… कोण, लोरीन?… हो, हो, मीच, ओपल! दुसरं कोण असणार? पाय प्लॅस्टरात, मांडीवर शेंगांची पाटी. खिडकीशी बसून नुसता पूल बघायचा… अगं, रडतेस कशाला? नीट सांग.

काय?… तुझ्याकडे ओढा गढूळ झाला? पानं, फांद्या… अगं, पण इथं तर लख्ख ऊन आहे!… वर डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळतोय? कधीपासून?… अरे देवा. लोरीन, माझी जूनी रांजणात आहे गं! पुलाखालच्या डोहात! चर्चमधून आली ती तशीच पळाली पोहायला…

फोन ठेवू नकोस हं… हॉलिस! ए हॉलिस! वरून लोंढा सुटलाय! गाडी काढ, पुलावर जा आणि हॉर्न…

नको, नको! हॉर्न नको! पुलावर हॉर्न वाजला की खडकावरचं पोर उडी मारतं! येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाजवायचा आणि यांनी उडी मारून दाखवायची… तूच तर सगळ्यात जोरात वाजवतोस!… ओरडून काय होणार? डोहावरच्या त्या धबधब्यापाशी कानाशी बोललेलं कळत नाही. आणि तुझ्या त्या गुडघ्यानं तू खाली कधी उतरणार?

कपडे! हॉलिस, पुलाच्या कठड्यावरचे पोरांचे कपडे उचल! त्यांना दिसतील असे उचल, गाडीत टाक आणि गाडी हाक! लहानपणी आमचे पळवायचास ना, तसे!… अरे, बूट राहू दे, जा!

गेला गं, अनवाणीच गेला… हो, येतील ना पोरं वर. रविवारचे कपडे आहेत, हरवले तर घरी पाठ सोलून निघेल. आपण नव्हतो का धावलो त्याच्यामागे, झुडपांतून, शिव्या देत?… हो, मला पण वाटतेय भीती. शेंग मोडवत नाहीये हातानं.

दिसतोय ना कठडा. जूनीचा पिवळा झगा… बेकरच्या जुळ्यांचे पांढरे शर्ट… बस, तिघंच आहेत. पाण्यात कोण आहे ते रस्त्यावरून कळावं, म्हणून तर तिथं टाकायचे… डेल? नाही गं, तुझ्या डेलचं काही नाही तिथं. तो घरीच असेल ना?

…काय?… जेवल्याबरोबर निघाला? रांजणावरच?… उघडा? टॉवेलसुद्धा नाही?… अगं, तुला बोलत नाही मी. तो कधी काय नेतो! चड्डीवर जातो, चड्डीवर येतो… पण मग हॉलिसला कसं कळणार? त्याच्या हिशेबी तिघं वर आली की झालं!

थांब… गाडी निघाली… आले! जुळे आले, मुठी उगारून गाडीमागे पळताहेत! आणि जूनी… आली, माझी जूनी आली!… डेल?… नाही. अजून नाही. लोरीन, जूनी इकडेच येतेय, विचारते.

जूनी, गप्प! झग्याचं नंतर! डेल कुठंय?… लपाछपी? कुठं लपलाय?… धबधब्यामागे? कपारीत?… अगं, तुम्ही शोधायचं सोडून वर आलात, तो अजून लपूनच बसलाय! पळ, बाबांना सांग! वरूनच सांगायचं, खाली पाऊल टाकलंस तर बघ!

लोरीन… आधी बस तू. खोटं नाही बोलणार मी तुझ्याशी. डेल धबधब्यामागे लपलाय. पाण्याच्या पडद्याआड. तिथून त्याला पूलही दिसत नाही… हो, जूनीनं सांगितलं हॉलिसला. गाडी थांबली… तो उतरतोय खाली… हो, त्याच गुडघ्यानं. अगं, माझा पाय धड असता तर मी गेले नसते का?… तू येऊ नकोस! ओढा ओलांडून कशी येणार आहेस आता? तिथंच थांब. माझ्याशी बोलत राहा.

आवाज येतोय… नाही, गाडीचा नाही गं…

आलं. पाणी आलं, लोरीन. तांबडं लाल… अख्खं झाड वाहत येतंय… खडक गेला. उडी मारायचा खडक दिसत नाही आता… हॉलिस?… नाही, तोही दिसत नाही. दोघंही नाहीत… म्हण, तू प्रार्थना म्हण. मला एक शब्द आठवत नाही… म्हण गं, थांबू नकोस…

थांब. झुडपं हलताहेत. पुलाच्या अलीकडे… हॉलिस! हॉलिस वर येतोय! एकटाच…

नाही, नाही! पाठीवर आहे! पाठीवर घेतलंय त्यानं! हात हलवतोय, लोरीन, तुझा डेल हात हलवतोय! जिवंत आहे गं!

…लोरीन? ऐकलंस ना?… हॅलो?

हॅलो?… आलीस, जूनी? इकडे ये, हा फोन बघ. काहीच आवाज नाही… काठचा फोनचा खांब वाहून गेला? कधी?… अगं, पण मी काय बोलत होते तेव्हा? ‘एकटाच’ म्हटलं ना मी? ‘एकटाच’ म्हटलं आणि तेवढ्यावरच फोन तुटला असेल तर…

हॅलो? लोरीन! सापडला गं तुझा डेल… हॅलो?… हॅलो?…