त्यांचा डावा, माझा उजवा

म्या मूळची तामलवाडीची. माय-बाप दोघंबी दुसऱ्याच्या रानात कामाला, घरात वाजवायचं म्हणून काय व्हतं तर थाळी. भीमजयंतीला गाण्याचा कार्यक्रम व्हायचा तवा म्या समद्यांच्या फुडं जाऊन बसायची, अन् गाणाऱ्याकडं न्हाय, बेंजोवाल्याच्या हाताकडं बगत ऱ्हायची. तसल्याच एका कार्यक्रमाला ह्ये आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीहून वाजवाय आले व्हते. फुडं ह्यांच्याशीच लगीन झालं, ते कसं जमलं ती गोष्ट लांबंल, ऱ्हाऊ द्या. पर एवढं सांगते, ह्यांचा हात बगूनच म्या व्हय म्हणले व्हते, तोंड मागनं बगितलं.

आपल्याकडचा बेंजो बगितलाव का तुमी कवा? लाकडाची लांब पेटी, वर तारा, तारांवर बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची अन् उजव्या हातात नखी धरून तारा छेडायच्या, दोन हातांचं काम हाय, एका हातानं भागत न्हाय. ह्ये दिवसभर पाण्याच्या टाकीवर कामाला, अन् हौस अशी की जेवतानाबी डावी बोटं मांडीवर चालायची. म्या म्हणायची, भाकरीकडं ध्यान द्या की जरा.

मंग आमचा भाचा मिलिंद, नणंदेचा पोरगा, त्यो गिटार शिकला. मोबाइलवर काय काय बगायचा अन् एक दिवस आला सांगत, मामा, परदेशात डोंगराकडची माणसं नुसत्या तारांवर गातेत, ढोल न्हाय, ताशा न्हाय, एकाच माइकाभवती समदे उभे ऱ्हातेत, ज्याची पाळी त्यो म्होरं होतो अन् झालं की मागं सरतो. ब्लूग्रास म्हणतेत त्याला, म्हणजे निळं गवत. ह्ये म्हणले, निळं हाय नव्हं, मग आपलंच समज. तशी पार्टी उभी ऱ्हायली. मिलिंदची गिटार, तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला अनिकेत अन् त्याचं मँडोलिन, तुणतुण्यावर रामभाऊ गोंधळी, अन् ह्यांचा बेंजो. भीमगाणी, जात्यावरच्या ओव्या, रामभाऊंची पदं, समदं नुसत्या तारांवर. वरातीत वाजवायचं न्हाय हा ह्यांचा नेम, ज्याला ऐकायचंय त्यानं बसून ऐकावं म्हणायचे. लोक हसले, डीजेच्या जमान्यात हे काय टिंगटिंग म्हणले. पर येडशीहून बोलावणं आलं, कळंबहून आलं, अन् गाव तारपार्टी म्हणाय लागलं.

अन् तशात ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. काय सांगू तुमाला, माणूस घरात हाय बी अन् न्हाय बी. बोलणं हळूहळू आलं, पाय ओढत चालाय लागले, पर उजवा हात लटकलेलाच. बेंजो म्या पलंगाखाली सारून ठिवला व्हता, ह्यांच्या नजरंला पडू नये म्हणून. एका दुपारी बगते तर ह्यांनी पायानं ओढून भाईर काढलेला, डावा हात बटणांवर, दाबतेत, आवाज न्हाय, परत दाबतेत, अन् डोळ्यातनं पाणी चाललंय. म्या पिठाचे हात पदराला पुसले, बाजूला बसले, नखी उचलली अन् हाणली तारंवर. लई बेकार आवाज आला. ह्ये हसले, लकव्यानंतर पैल्यांदा हसले, म्हणले, हळू, भाकरी न्हाय थापायची.

तवापासनं घरीबी अन् कार्यक्रमातबी असंच. डावा हात त्यांचा, उजवा माझा. खांद्याला खांदा लावून बसायचं, त्यांचं बोट पडलं की माझी नखी. भावकीतली एक बाई म्हणली, बाईमाणूस असून इस्टेजवर नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतीस, लाज कशी वाटत न्हाय. म्या म्हणले, मग कुणाच्या मांडीला लावून बसू, तूच सांग.

आता खरी गोष्ट सांगते. ह्ये व्यायामाला दवाखान्यात जायचे, तेवढ्यात म्या दोन्ही हात लावून बगायची. बाजूला बसून बसून बटणं डोळ्यात भरलीच व्हती. आलं मला. सबंध गाणं आलं. एकदा मिलिंद दारात उभा, मामी, तुमी तर एकट्या वाजवताव की. म्या म्हणले, बोलू नको कुठं. ह्यांचा एकच हात चालू हाय, त्याचंबी काम म्या हिसकून घेतलं तर ह्यांनी काय करायचं, पलंगावर पडून छताचे पत्रे बगायचे? कार्यक्रमात डावा हात बटणांकडं जाऊ नये म्हणून म्या पदरात गुंडाळून ठिवायची. ह्यांची बोटं जरा मागनं पडायची, लई न्हाय, उचकी लागल्यावर माणूस थांबतंय तेवढंच.

फुडं धाराशिवला रेकॉर्डिंग ठरलं. बंद खोली, भितींना गाद्या, कानाला हेडफोन, अन् त्यात ताल चुकू नये म्हणून घड्याळागत सारखी टिकटिक, तिच्यावर एकेकानं वाजवायचं. पोरांचं झालं. आमचं काय जमंना. परत केलं, परत ह्यांचं बोट टिकटिकीच्या मागं. रेकॉर्डिंगवाला पोरगा काय वाईट नव्हता, म्हणला, काकू, दुसरं कुणी हाय का वाजवणारं. मिलिंदच्या तोंडातनं निसटलं, मामीला एकटीला येतंय. ह्यांनी माझ्या पदराकडं बगितलं अन् म्हणले, वाजीव तू. मला ठाऊक हाय, दवाखान्यातनं येताना गल्लीत थांबून ऐकायचो म्या, चांगलं वाजवतीस. अन् काठी घेऊन उठाय लागले.

मला असा संताप आला म्हणता. म्या हेडफोन काढून ठिवला, ह्यांचा हात धरून खाली बसवलं अन् त्या पोराला म्हणले, लेकरा, तुझ्या टिकटिकीत ह्यांचं बोट बसत नसंल तर टिकटिक उठीव, माणूस उठवू नको. म्या एकटी वाजवणार न्हाय, आज न्हाय अन् ह्यांच्या म्होरं कवाच न्हाय. रामभाऊ म्हणले, आवं, आमी देवीम्होरं कुठल्या घड्याळावर वाजवताव? मिलिंदची मान खाली. त्यानंच मग एक माइक मधी आणला, समदे भवती उभे ऱ्हायले, आमी दोघं खुर्चीवर, अन् अनिकेत म्हणला, काका, मी तुमच्या बोटाकडं बघतो, ते पडेल तेव्हा मी येतो. तसं वाजवलं. एका दमात झालं. ऐकताना ह्ये रडले अन् म्याबी रडले.

आजबी कुणी म्हणतंय तुमचं गाणं अडकतंय, कुणी म्हणतंय तेच गोड लागतंय. म्हणू द्या. आता ह्यांचा डावा हातबी थरथर कराय लागलाय. परवा म्हणले, तुझा हात तयार ठिव. म्या म्हणले, तयारच हाय, पर तुमचं एक बोट चालू हाय तवर पदरातच ऱ्हाईल, एका बोटाची गाणी वाजवू.

बरं, एवढ्या लांबनं आलाव, बसा, ऐकूनच जावा. तुमच्या लेकराबाळांचं चांगलं व्हावं. फकस्त मधी टाळ्यांनी ताल धरू नका. ह्यांच्या बोटाकडं बगा, ते पडलं की आमी समदे येताव.